दुधावाचून आठ दिवस : कुडाळ-मालवणच्या मुलखात

सिंधुदुर्ग जिल्ह्यात लोक जातात ते समुद्र, किल्ले आणि मासे यांच्यासाठी. आम्ही गेलो होतो ते नारळासाठी. हे ऐकून इंदूरच्या आमच्या शेजारीणबाई म्हणाल्या, ''अगं, नारळ तर इथेही मिळतात!'' त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. पण नारळ बाजारात मिळणे वेगळे आणि नारळावर घरे चालणे वेगळे. ती घरे पाहण्यासाठी सात महिन्यांच्या लेकीला कडेवर घेऊन आम्ही २०२४ च्या मार्चमध्ये, ऐन शिमग्यात, कुडाळजवळच्या एका खेड्यात आठ दिवस राहून आलो.

या उलट्या प्रवासाचे कारण सांगायला हवे. लेक तीन महिन्यांची असताना तिच्या शीमध्ये रक्ताचे बारीक धागे दिसू लागले. अंगावर कोरडे, लाल चट्टे आले आणि पाजल्यानंतर ती कळवळून रडू लागली. बालरोगतज्ज्ञांनी तपासून सांगितले की, ही गाईच्या दुधातील प्रथिनांची ॲलर्जी असावी. ''पण ती तर फक्त अंगावर पिते,'' मी म्हटले. तेव्हा त्यांनी समजावले की, आई जे दूध-दही-पनीर खाते त्यातील प्रथिनांचा अगदी थोडा अंश तिच्या दुधात उतरतो आणि काही बाळांना तेवढाही सोसत नाही. अंगावर पाजणे मुळीच थांबवायचे नव्हते. थांबवायचे होते ते माझे दूध. म्हशीचे आणि शेळीचेही चालणार नव्हते, कारण त्यांची प्रथिने गाईच्या दुधाशी पुष्कळ जुळतात.

तीन आठवड्यांत लेकीची शी स्वच्छ झाली. मग डॉक्टरांच्या सांगण्यावरून मी पुन्हा काही दिवस दूध घेऊन पाहिले. धागे परत आले. निदान पक्के झाले.

आता इंदूर म्हणजे काय, हे ज्यांनी सराफ्यातली रात्र पाहिली आहे त्यांना सांगायला नको. रबडी, मालपुवा, शिकंजी. आमच्याकडची शिकंजीसुद्धा लिंबाची नव्हे, आटवलेल्या दुधाची! मक्याचा कीस केला तर तो दुधात शिजणार, दाल-बाफले केले तर ते तुपात बुडणार. त्यात मी बाळंतीण. ''दूध प्यायली नाहीस तर तुला दूध येणार कुठून?'' सासूबाई रोज विचारत. त्यांची काळजी मनापासूनची होती. त्यांच्या तीन बाळंतपणांत त्यांना दूध-तुपानेच उभे केले होते. अंगावरचे दूध हे आईच्या एकूण आहारातून, पाण्यातून आणि बाळाच्या ओढण्यातून तयार होते, त्यासाठी गाईच्या दुधाचाच पेला हवा असे नाही, हे डॉक्टरांनी त्यांना दोनदा सांगितले. त्या मान हलवत आणि घरी आल्यावर पुन्हा तोच प्रश्न विचारत.

मी जन्माची शाकाहारी. शाकाहारी माणसाच्या ताटातून दूध काढून घेतले की खाली उरते ते निव्वळ वनस्पतींचे ताट. त्याला हल्ली 'व्हीगन' म्हणतात. हा शब्द इंग्लंडमध्ये १९४४ साली तयार झाला, पण माझ्या स्वयंपाकघरात तो न सांगता आला. आणि आला तेव्हा रिकाम्या हातांनी आला. सव्वीस आठवड्यांची रजा संपून मी कामावर रुजू झाले होते. सकाळी बाळाचे आटोपून, डबा भरून निघायचे तर स्वयंपाकाला अर्धा तासही मिळत नसे. कोरडी पोळी, तेलाच्या फोडणीचे वरण, भाजी. चहात सोयाबीनचे दूध, पनीरच्या जागी टोफू. जे काही नवे आणावे ते दुधाची नक्कल असे आणि नक्कल खाताना अस्सलाची आठवण जास्तच येई. पाजणाऱ्या बाईला लागणारी भूक काही औरच असते. ती भागत नव्हती. काही महिन्यांत माझे वजन सहा किलोने उतरले. 'पुरे आता, डब्याचे खास दूध सुरू करू' असे घरात बोलणे सुरू झाले होते. ते दूध महाग, आणि लेक ते तोंडात धरायलाही तयार नव्हती.

याच सुमारास कुडाळहून आत्याचा फोन आला. सगळे ऐकून घेऊन ती म्हणाली, ''तू अशी कर, आठ दिवस इकडे ये. आमच्याकडे दुधाची आठवणच येत नाही.''

पाकिटामागची बारीक अक्षरे

इंदूरहून अवंतिका एक्सप्रेसने मुंबई, एक दिवस ठाण्याला नातेवाईकांकडे मुक्काम आणि मग रात्रीची कोकणकन्या. तान्ह्या बाळाला घेऊन जाणाऱ्यांनी एका दमात प्रवास करू नये, मधे एक दिवस पाठ टेकावी. रात्रीची गाडी बरी. बाळ झोपते आणि आपण निदान आडवे तरी होतो.

गाडीत खायचे काय, हा दूध सोडलेल्या माणसाचा मोठाच प्रश्न. बिस्किटांच्या पाकिटावर दुधाचे चित्रही नसते, पण मागे बारीक अक्षरांत 'दुधाचे घन पदार्थ' किंवा 'व्हे' हे शब्द असतात. ते वाचायची सवय लावून घ्यावी. पावातही पुष्कळदा दूध असते. आम्ही दशम्या केल्या होत्या, पण दुधातल्या नव्हे, गुळाच्या पाण्यातल्या. सोबत शेंगदाण्याची चटणी, भाजलेले चणे, केळी आणि अळिवाचे लाडू. अळीव नारळाच्या पाण्यात भिजवून, ओले खोबरे आणि गूळ घालून केलेला हा लाडू बाळंतिणीसाठी आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या होतो. त्यात दुधाचा थेंब लागत नाही, हे माझ्या लक्षात आले ते गाडीत तिसरा लाडू खाताना.

''बाकी सगळा नारळार''

सकाळी कुडाळला उतरलो. तांबडी माती, जांभ्या दगडाच्या भिंती, दोन्ही बाजूंना माड आणि पोफळी. आत्याचे घर कौलारू, पुढे शेणाने सारवलेले खळे, मागे विहीर. आत्याच्या सासूबाई ऐंशीच्या पुढच्या. त्यांनी लेकीला मांडीवर घेतले आणि मला विचारले, ''काय गो बाय, दूध नको तुका? मगे बरा झाला. आमका च्यायेक तेवढा दूध लागता, बाकी सगळा नारळार चलता.''

हे बोलण्यापुरते नव्हते. आठ दिवस मी त्या स्वयंपाकघरात बसून पाहिले. पहिल्या सकाळी घावणे आणि ओल्या खोबऱ्याची चटणी. घावण्याला तांदूळ भिजवून वाटलेले पातळ पीठ आणि मीठ, आणखी काही नाही. दहाच्या सुमारास उकड्या तांदळाची पेज आणि तोंडी लावायला कैरीचे लोणचे. दुपारी फणसाच्या कोवळ्या कुयरीची भाजी, भात आणि कुळथाची पिठी. शेवटी सोलकढी. संध्याकाळी खापरोळी, म्हणजे जाड जाळीदार घावणेच म्हणा, नारळाच्या गोड रसात बुडवलेली. दुसऱ्या दिवशी आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्यांची उसळ. तिसऱ्या दिवशी ओल्या काजूंची उसळ, मार्चचा महिना असल्यामुळे. ओल्या काजूची साल काढताना चीक हाताला लागून कातडी सोलवटते. म्हणून आत्या बोटांना तेल लावून बसे आणि मला जवळ येऊ देत नसे. ''बाळाला घ्यायचे हात आहेत तुझे, लांब राहा.''

चौथ्या दिवशी माझ्या ध्यानात आले की मी कशाचीही आठवण काढलेली नाही. दह्याची नाही, तुपाची नाही. इथे काही वगळलेले नव्हतेच. ज्या पदार्थात दूध कधी नव्हतेच त्यातून ते काढणार काय? इंदूरला मी दुधाच्या स्वयंपाकातून दूध काढून बसले होते. तिथे भोक दिसणारच.

आत्याचे घर मासे खाणारे आहे. पण सोमवार, गुरुवार, संकष्टी, श्रावण असे 'शिवराक' जेवणाचे पुष्कळ दिवस वर्षात असतात आणि माझ्यासाठी त्यांना वेगळे काही शोधावे लागले नाही. आठही दिवस शिवराक चूल माझी आणि बाहेरच्या गॅसवर त्यांची मासळी.

असे का झाले असेल, याचे उत्तर आत्याच्या यजमानांनी गोठ्यात नेऊन दाखवले. कोकणातली गाय अंगाने लहान, काटक. 'कोकण कपिला' या नावाने तिची जात आता ओळखली जाते. उतारावर, दगडांतून चरणारी, पावसात टिकणारी, पण दिवसाला जेमतेम दोन-अडीच लिटर दूध देणारी. तेही वासराचा वाटा सोडून. पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास आणि तो संपला की कातळावरचे गवत वाळून जाते. चारा म्हणजे भाताचा पेंढा. अशा मुलखात म्हशींचे गोठे उभे राहिले नाहीत. चहापुरते दूध आजही घाट उतरून कोल्हापूरकडून पिशव्यांतून येते. माड मात्र दारात, बारमाही. माणसाने जे दारात होते त्याचे दूध काढले.

त्याची रीत साधी आहे, पण जपून करायची. ओला नारळ खवून, थोड्या कोमट पाण्याबरोबर वाटून, पंचात पिळून घ्यायचा. हा पहिला दाट रस. चोथा पुन्हा वाटून दुसरा, पातळ रस. भाजी-आमटी दुसऱ्या रसात शिजते आणि पहिला रस आच मंद करून शेवटी पडतो. खळखळून उकळला तर तो फुटतो. सोलकढी तर विस्तवाला दाखवायचीच नाही. आमसुले भिजवून काढलेले पाणी किंवा आगळ, वाटलेली लसूण-मिरची, मीठ आणि रस. सकाळची सोलकढी रात्री आंबते, म्हणून करायची तेवढी संपवायची. माझ्या यजमानांना आत्याने खवणीवर बसवले. पहिल्या दिवशी एका नारळाला अर्धा तास लागला, आठव्या दिवशी सहा मिनिटे. आमच्या घरात आज खवणी त्यांच्या ताब्यात आहे ती तेव्हापासून.

होळीची पोळी आणि गाऱ्हाणे

होळीच्या दिवशी पुरणपोळी असणार म्हणून मी मनाची तयारी केली होती. आमच्याकडे पुरणपोळीवर तुपाची धार आणि वाटीत दूध. इथे पोळी भाजली शेंगदाण्याच्या तेलावर आणि वाटीत वेलची-गुळाचा नारळरस. मी चार पोळ्या खाल्ल्या. पुढे एके दिवशी शिरवाळेही झाले. तांदळाच्या उकडीचे गोळे उकळत्या पाण्यात शिजवून, लाकडी साच्यात घालून दाबले की खाली पांढऱ्याशुभ्र शेवया पडतात. त्या गरमगरम, त्याच गोड रसाबरोबर खायच्या. साचा दाबायला दोन धडधाकट माणसे लागतात. घाईच्या घरात हा पदार्थ व्हायचा नाही, हे मी तिथेच ठरवून टाकले.

शिमग्यात देवाची पालखी घरोघर येते. आत्याच्या खळ्यात ती टेकली, ओटी भरली आणि मानकऱ्याने गाऱ्हाणे घातले. देवाला घरातल्या एकेकाचे नाव घेऊन सांगायचे, आणि प्रत्येक वाक्याला जमलेल्या सगळ्यांनी 'होय महाराजा' म्हणायचे. आजींनी पुढे होऊन त्यांच्या कानात काहीतरी सांगितले. मग माझ्या लेकीचे गाऱ्हाणे झाले. इंदूरहून इल्ला चेडू, तेका खाल्लेला-पिलेला अंगाक लागू दे, तेच्या आवशीक बळ दे. पन्नास-साठ गळ्यांतून एकदम 'होय महाराजा!' आले तेव्हा लेक दचकून रडू लागली. मलाही बरेच काही झाले, पण ढोल जोरात होते.

मालवणच्या विहिरी

एक दिवस मालवणला गेलो. कुडाळहून तासाभराची वाट. जेट्टीवरून होडीने सिंधुदुर्ग किल्ला. शिवाजी महाराजांनी १६६४ साली कुरटे बेटावर बांधायला घेतलेला, चहूबाजूंनी खारे पाणी. बाळाला घेऊन जायचे तर सकाळी लवकर जावे, कारण आत सावली कमी. होडीत चढता-उतरताना दोन्ही हात मोकळे हवेत, तेव्हा बाळ झोळीने अंगाशी बांधलेले बरे.

किल्ल्यात शिवराजेश्वराचे मंदिर आहे. ते सगळे पाहतात. मला जास्त गंमत वाटली ती तीन विहिरींची. समुद्राच्या मध्यावर गोड्या पाण्याच्या या विहिरी आणि त्यांची नावे काय, तर दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव! जिथे दूध-दह्याचा तुटवडा तिथे माणसाने चांगल्या पाण्याला त्यांचे नाव दिले. दूधबावेच्या काठावर बसून मी लेकीला पाजले. यजमान म्हणाले, ''हे दूध तुला चालतं.''

मालवणच्या बाजारात खाजे घ्यायला विसरू नका. बेसनाच्या तेलात तळलेल्या कांड्यांवर आले घातलेल्या गुळाचा पाक चढवतात. ही जत्रेतली मिठाई. माझ्यासारखीला, जिने पेढा-बर्फीच्या दुकानासमोरून चार महिने मान खाली घालून जावे लागले होते, मिठाईच्या दुकानात उभे राहून 'अर्धा किलो द्या' म्हणता येणे हाही एक सोहळाच होता.

सावंतवाडीला धावती भेट दिली. मोती तलाव, राजवाडा आणि चितारआळीतली लाकडी खेळणी. तिथली लाकडी फळे इतकी हुबेहूब की लेकीने लाल आंब्याला हिरड्यांनी चावून पाहिले. बाळासाठी खेळणे घेताना मात्र रंग सुटत नाही ना आणि सुटा भाग नाही ना, हे पाहून घ्यावे.

नारळाचे दूध हे दूध नव्हे

इथपर्यंत वाचून कोणी उद्यापासून घरातले दूध बंद करील, म्हणून काही गोष्टी स्पष्ट लिहिते. निघण्यापूर्वी आमच्या डॉक्टरांनी त्या मला कागदावर लिहून दिल्या होत्या.

पहिली ही की, नारळाच्या रसाला आपण दूध म्हणतो ते रंगावरून. त्यात स्निग्धांश भरपूर, पण प्रथिने थोडी आणि कॅल्शियम फार कमी. म्हणजे चवीची जागा तो भरून काढतो, पोषणाची नाही. कोकणच्या ताटात पोषण येते ते कुळीथ, काळे वाटाणे, चवळी, मूग, काजू यांतून. नुसती सोलकढी पिऊन बाळंतीण उभी राहणार नाही. वर्षाच्या आतल्या बाळाला तर आईच्या किंवा डॉक्टरांनी सांगितलेल्या डब्याच्या दुधाऐवजी नारळाचे, बदामाचे, सोयाबीनचे, कोणतेच असले दूध पाजायचे नाही. जेवणात चमचाभर रस पडला तर गोष्ट वेगळी.

दुसरी बी-१२ जीवनसत्त्वाची. वनस्पतींच्या आहारातून ते भरवशाने मिळत नाही आणि आईच्या शरीरात ते कमी असेल तर तिच्या दुधातही कमी उतरते. अशा बाळांची वाढ खुंटते, ती मलूल होतात, कधी हातापायांना कंप सुटतो. आपल्याकडे रोज दूध पिणाऱ्या शाकाहारी बायकांतही याची कमतरता पुष्कळ आढळते. म्हणून रक्त तपासून घ्यायचे आणि गोळी चुकवायची नाही. माझी गोळी कोकणातही रोज सकाळी पेजेबरोबर चालू होती. तिच्या जागी कोणतेही 'नैसर्गिक' औषध मी घेतले नाही.

कॅल्शियमचा हिशेब असा. पाजणाऱ्या आईला दिवसाला सुमारे १२०० मिलिग्रॅम लागते. शंभर ग्रॅम नाचणीत साधारण साडेतीनशे मिलिग्रॅम असते. शंभर ग्रॅम दुधात जेमतेम सव्वाशे. तिळात तर नाचणीहूनही कितीतरी जास्त, पण तीळ आपण खाऊन खाऊन खाणार किती? रोज दोन नाचणीच्या भाकऱ्या, तिळाची चटणी, राजगिऱ्याची नाहीतर शेवग्याची भाजी, आणि उरलेल्या खड्ड्यासाठी डॉक्टरांनी दिलेली गोळी. भाजी-उसळीवर लिंबू पिळले की त्यातले लोह अंगाला जास्त लागते.

आणि लेकीचे जेवण? तिला वरचे नुकतेच सुरू झाले होते. आत्याने नाचणीला मोड आणून, वाळवून, दळून ठेवले होते. सकाळी त्याची पेज, दुपारी मूगडाळ-तांदळाची मऊ खिमटी. मीठ नाही, गूळ नाही, साखर नाही. आजींना हे मुळीच पटले नाही. ''मीठ नाय, गोड नाय, खातला कसा पोर?'' म्हणून त्या दोनदा माझ्यावर रागावल्या. पोर खात होती.

इंदूरच्या ओट्यावर

परत येताना सामानात चार किलो काळे वाटाणे, कुळथाचे पीठ, आमसुले, आगळाच्या दोन बाटल्या आणि नाचणी होती. पण खरी आणलेली गोष्ट म्हणजे वेळेचा हिशेब. कोकणी स्वयंपाक वेळखाऊ, असे आपण समजतो. खवणे-वाटणे वेळ घेते हे खरे, पण ते रोज करायची गरज नाही. रविवारी यजमान चार नारळ खवतात. अर्ध्याचा रस काढून बर्फाच्या साच्यात गोठवते, अर्ध्या खोबऱ्याचे भाजलेले वाटण करून डब्यात भरते. आंबोळीचे पीठ आठवड्यातून दोनदा. काळे वाटाणे रात्री भिजत टाकले की सकाळी कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत बाळाची आंघोळ होते. कुळथाची पिठी तर पंधरा मिनिटांत ताटात. दिवसभर ऑफिसात मान मोडून, संध्याकाळी एका हाताने बाळ सांभाळत करता येईल असा हा पदार्थ आहे, आणि पोटाला तो चार तास धरून ठेवतो.

इंदूरचे पोहे तर मुळातच दुधाविना. शेवेची मूठ वर टाकली की झाले. मक्याचा कीस मी आता नारळरसात शिजवते. सासूबाईंनी पहिल्यांदा तो घासभर चाखून ताट बाजूला सरकवले होते. महिन्याभराने एकदा त्यांनीच विचारले, ''तो तुझा नारळातला कीस करणार आहेस का आज?'' 'तुझा' हा शब्द अजून गेलेला नाही, पण कीस संपतो.

दोन महिन्यांत माझे उतरलेल्यापैकी निम्मे वजन परत आले. डब्याच्या दुधाचा विषय घरात पुन्हा निघाला नाही. लेकीला मी पुढे दीड वर्षापर्यंत पाजले. या ॲलर्जीतून बहुतेक मुले पहिल्या काही वर्षांत बाहेर पडतात. चौदाव्या महिन्यात डॉक्टरांच्या देखरेखीखाली आम्ही तिला आधी भाजलेल्या बिस्किटातून, मग हळूहळू दह्यातून दूध देऊन पाहिले. सोसले. आज ती वाटीभर दही खाते. आमच्या घरात मात्र चहाचे दूध आणि तिचे दही सोडले तर बाकी स्वयंपाक बराचसा नारळावर आणि शेंगदाण्यावरच राहिला आहे. सणाला सासूबाई बाफल्यांवर तूप घेतात आणि मी त्यांना वाढते.

जाणार असाल तर

फेब्रुवारीअखेर ते मार्च हा काळ चांगला. ओले काजू, कोवळे फणस, कैऱ्या आणि शिमगा. एप्रिल-मेमध्ये कोकमे आणि आंबे, पण उकाडा तान्ह्या बाळाला सोसत नाही. पावसाळ्यात किल्ल्याच्या होड्या बंद असतात. कोकण रेल्वेने कुडाळ, सिंधुदुर्गनगरी किंवा सावंतवाडी रोड ही स्थानके सोयीची. तारकर्ली-मालवण भागात घरगुती राहण्या-जेवणाची सोय पुष्कळ ठिकाणी होते आणि ती हॉटेलापेक्षा बरी, कारण घरमालकिणीला आदल्या दिवशी 'शिवराक जेवण, दूध-तूप नको' एवढे सांगितले की तिला पुढचे समजते.

बाहेर सोलकढी मागवताना मात्र एक प्रश्न जरूर विचारा : नारळ खवून केली आहे की भुकटीची? नारळाच्या दुधाच्या तयार भुकट्यांमध्ये पुष्कळदा दुधापासून काढलेले केसिनेट घातलेले असते, आणि काही ठिकाणी रंग पांढरा दिसावा म्हणून सरळ ताक किंवा दूध मिसळतात. ज्यांना हौसेने दूध सोडायचे आहे त्यांचे यात फारसे बिघडणार नाही. ज्यांच्या मांडीवर ॲलर्जी असलेले बाळ आहे त्यांनी वेटरच्या उत्तरावर न थांबता आत जाऊन स्वयंपाकिणीलाच विचारावे. मालवणात कोणी याचा राग मानत नाही. मला तर एकीने आत बोलावून फोडलेल्या नारळाच्या करवंट्याच दाखवल्या होत्या.